जर्मन

आमच्या हुपरीत 'जर्मन' ही शिवी होती.
पोचे पडलेलं पातेलं जर्मनचं.
कुणी चांदीत भेसळ केली
की पेढ्यांवर कुजबुज व्हायची: जर्मन निघाला.
वडील पैंजणाचा घुंगरू कानाशी हलवायचे
आणि डोळे मिटून टंच सांगायचे.

मिल्वॉकीत आज सकाळी, थंडी अशी
की दुकानाच्या कुलपाला किल्ली चिकटली,
राइनहोल्ट झीबार्ट आले,
सिटी बसचे निवृत्त ड्रायव्हर.
लोकरी मोजा काउंटरवर उलटा केला.
मी मखमलीचा ट्रे पुढे सरकवेपर्यंत
तिसरं नाणं घरंगळलं, काचेवर नाचत नाचत
आडवं झालं.
तो आवाज वडिलांनी ऐकायला हवा होता.
इतकं अस्सल जर्मन!

भिंगाखाली धरलं.
एका अंगाला कुणी ड्यूक, केसांचा टोप, दुहेरी हनुवटी.
दुसऱ्या अंगाला त्यानं काढलेली शाळा:
अकरा खिडक्या (मोजल्या मी),
दाराशी एक रोप, आणि ढगातून आलेला
नुसता एक हात त्याला पाणी घालतोय.
कडेनं लॅटिन. त्यातली काही अक्षरं मुद्दाम मोठी;
तेवढी वेचून बेरीज केली की साल निघतं.
पावतीच्या पाठीवर मांडली.
हातचा विसरले. पुन्हा मांडली.
सतराशे एकवीस.

"लिहिलंय काय त्यावर?"
तीनशे वर्षं घरात, वाचलं कुणीच नव्हतं.
"लेकरांसाठी, अंधाराविरुद्ध," मी म्हटलं.
ते हसले. "आमचा म्हातारा जायचा की त्या शाळेत.
पहाटे चारला, शेगड्या पेटवायला.
पोरं यायच्या आत मागच्या दारानं बाहेर.
हिवाळा सरला, तिजोरीत रोकड नव्हती,
मग समारंभातली उरलेली नाणी दिली पगार म्हणून."

मग विचारलं, घासून चकचकीत करून देता का?
नको, म्हटलं. घासलं की किंमत जाते.
या काळेपणालाच गिऱ्हाईक आहे.

माझ्या शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा अंगठा आहे.
मास्तरांनी शाईचा पॅड पुढे केला, तोवर
कागदावर ठसा उमटून गेला होता,
चांदी घासून घासून कायमचा काळा झालेला.
मास्तर म्हणाले, चालेल.

दोन नाण्यांचा भाव सांगितला. त्यांनी मान हलवली.
बॉयलर गुरुवारपासून बंद आहे म्हणाले,
तेवढ्यात नवा बसेल.
तिसऱ्याला भोक होतं.
कुणीतरी दोऱ्यात ओवून पोराच्या गळ्यात घातलं असणार.
भोक ड्यूकच्या टोपातून शिरून
ढगातल्या हातातून बाहेर पडलेलं.
संग्राहक अशाला हात लावत नाहीत, मी सांगितलं,
फक्त चांदीचं वजन मिळेल.
वजन करायला उचललं
आणि छपराच्या टोकाशी काहीतरी दिसलं.
आधी चरा वाटला.
भिंग बदललं.
धुराडं होतं. आणि त्यातून वर,
केसाएवढी एक रेघ. जरा वाकडी,
वारा पश्चिमेचा असावा.
साचा कोरणाऱ्यानं एवढ्यासाठी मुद्दाम
बारीक सुई घेतली असणार.
बाकीच्या दोन नाण्यांवर पाहिलं.
तिथं ती झिजून गेली होती.

"हे विकू नका," मी म्हटलं.
दुकानात बसून असं बोलायचं नसतं.
मालक आतून खाकरला.

त्यांनी चेक घडी करून टोपीत ठेवला,
भोकाचं नाणं मोज्यात टाकून गाठ मारली,
दारापर्यंत गेले. परत आले. गाठ सोडली.
"धूर कुठं म्हणालात?"

भिंगावर वाकले. त्यांच्या श्वासानं काच धुरकटली.
मी बाहीनं पुसली.
ते पुन्हा वाकले.